चित्रकाराचे तळे आणि गावचे पाणी

आमच्या वरणगावच्या शिवारात कोणी विहिरीपाशी हौसेने फुलझाडे लाविली, की ‘पाणी पिकास द्यावयाचे की शोभेस?’ असे शेजारी विचारतोच. प्रश्न गैर नाही. फ्रान्स देशातील एका खेड्यातही एका थोर चित्रकाराच्या बागेवरून पाण्याची अशीच तक्रार उठली होती. ती हकीकत वाचकांस सादर करितो.

क्लोद मोने हे दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे अग्रणी. घटकेघटकेस पालटणारा उजेड रंगांत धरावा, हा त्या पंथाचा बाणा. १८८३ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, ते जिव्हेर्नी गावी भाड्याच्या घरात राहावयास आले. १८९० साली त्यांनी ते घर विकत घेतले आणि १८९३ साली तळ्यासाठी जवळचीच जमीन घेतली. एप्त नदीच्या एका फाट्याचे पाणी तळ्यात वळवावे, असा त्यांचा बेत होता. गावकरी बिथरले. परक्या वनस्पतींनी पाणी नासेल व खालच्या अंगास ते पिणाऱ्या गुरांस बाधा होईल, असे त्यांस भय वाटले. मोने यांनी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास लिहून कळविले की, या वनस्पती नदीकाठी आपोआप उगवणाऱ्या जातींच्याच आहेत. त्याच वर्षी परवानगी मिळाली.

पुढे लातूर-मार्लियाक नामक रोपवाटिकाकाराने संकराने तयार केलेल्या रंगीत कुमुदिनी त्यांनी मागविल्या. तळ्याकडे एक स्वतंत्र माळी असे. वाळकी पाने काढणे व पानांवरील धूळ धुणे, हे त्याचे नित्याचे काम.

१९११ साली पत्नी निवर्तली, १९१२ साली डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे कळले, १९१४ साली थोरला मुलगा गेला. सत्तरी उलटलेल्या दुसऱ्या एखाद्याने हात टेकले असते. परंतु वीस वर्षे जोपासलेले तळे दाराशी होते. मोने यांनी प्रशस्त चित्रशाळा बांधविली व सुमारे २ मीटर उंचीच्या पटांवर तेच पाणी, तीच फुले रंगविण्यास आरंभ केला. रंग नीट ओळखू येईनात, तेव्हा नळीवरील नाव पाहून ते रंग घेत. महायुद्ध थांबले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, त्यांनी आपली चित्रे राष्ट्रास देऊ केली. १९२३ साली डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ५ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले आणि १९२७ साली ती चित्रे पॅरिसच्या ओरांजेरी वास्तूत लोकांस पाहावयास मिळाली.

बाग मात्र पुढे ओसाड पडली. १९७७ पासून तिची पुन्हा उभारणी होऊन १९८० साली ती सर्वांस खुली झाली. माळ्याचा हात सुटला, की थोरांचे तळेही गाळाने भरते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

आमचे म्हणणे इतकेच : उतारवयात मन ज्यात रमावयाचे, ते हातपाय चालतात तोवरच लावावे लागते. पिकाचे पाणी तोडून नव्हे, शेजाऱ्याची शंका उडवून लावूनही नव्हे. तिचे उत्तर द्यावे, आणि मग विहिरीपाशी चार फुलझाडांपुरती जागा अवश्य राखावी.