वस्तू नियोजन, नाममुद्रा आणि संवेष्टन : पापड उद्योगाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वस्तू, किंमत, वितरण आणि संवर्धन हे विपणन मिश्रणाचे चार घटक होत. ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये केलेली ही मांडणी आजही वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमाचा पाया आहे. यांपैकी 'वस्तू' या घटकाखाली वस्तू नियोजन, नाममुद्रा म्हणजेच ब्रँड, आणि संवेष्टन म्हणजेच पॅकेजिंग हे तीन विषय शिकविले जातात. प्रत्येकाची व्याख्या, महत्त्व व फायदे स्वतंत्रपणे पाठ केले जातात. परंतु कोणते आधी आणि कोणते नंतर, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. महिला बचत गटांच्या उत्पादनांच्या प्रदर्शनात फिरताना असे आढळते की, अनेक गटांनी नाव निवडले आहे, रंगीत लेबल छापून घेतले आहे, पाकिटेही आणली आहेत. आतल्या पापडाची जाडी आणि मिठाचे प्रमाण मात्र प्रत्येक घाण्याला वेगळे आहे. ग्राहक एकदा घेतो, दुसऱ्यांदा तेच नाव पाहून टाळतो. छापलेले नाव अशा वेळी गटाच्या विरोधात काम करते, आणि तुटपुंज्या भांडवलाचा मोठा भाग न खपलेल्या लेबलांत अडकून पडतो. प्रस्तुत लेखात श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेच्या वाटचालीच्या आधारे या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वस्तू नियोजन

वस्तू नियोजन म्हणजे कोणती वस्तू, कोणासाठी, कोणत्या गुणवत्तेची, किती प्रमाणात आणि कोणत्या काळात तयार करावयाची याचा पूर्वविचार होय. ही व्याख्या वाचताना मोठ्या कारखान्याचे संशोधन विभाग डोळ्यांसमोर येतात. वास्तविक लहान उद्योगातही नियोजन होतच असते. फक्त ते कागदावर नसते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला देण्यात आली. त्या वेळी या पापडाला नाव नव्हते. पहिल्याच वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण ऊन नसल्याने पापड वाळत नसत. पुढील वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणण्यात आला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, अशी व्यवस्था झाली आणि उत्पादन बारमाही झाले. वस्तू नियोजनाचे याहून सोपे उदाहरण शिकवताना मिळणे कठीण आहे. बाजारात वस्तू वर्षभर उपलब्ध असणे हा वस्तूचाच एक गुण आहे, आणि तो गुण येथे एका खाटेने साधला.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा होता. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करून त्यांतील एक स्वस्तात विकण्याचा विचार झाला होता. या स्त्रियांचे मार्गदर्शक छगनलाल करमशी पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि गुणवत्तेत तडजोड न करण्याचा सल्ला दिला व तो मानला गेला. वस्तूंची संख्या वाढविणे म्हणजे व्यवसाय वाढविणे, ही समजूत नवउद्योजकांत फार रुजलेली आहे. एकाच गटाच्या टेबलावर पापड, लोणचे, मसाला, शेवया, चकली आणि मेणबत्त्या एकत्र दिसतात त्या यामुळेच. खुद्द लिज्जतलाही हा अनुभव आला. खाकरा, मसाले, बेकरी पदार्थ यांचा विस्तार टिकला. परंतु आगपेट्या, अगरबत्ती आणि चर्मोद्योगाचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. खाद्यपदार्थातील कौशल्य आणि लौकिक आगपेटीच्या कामी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

उत्पादन विकेंद्रित असूनही वस्तू एकसारखी राहते याचे कारण कामाच्या विभागणीत आहे. पीठ केंद्रावर मळले जाते; भगिनी लाट्यांसाठी ते घरी नेतात व लाटलेले पापड आणून देतात; तपासणी, वजन आणि पाकिटबंदी पुन्हा केंद्रावर होते. चव ज्या टप्प्यावर ठरते तो टप्पा एका ठिकाणी आणि जेथे केवळ हात लागतात तो टप्पा घरोघरी, ही विभागणी बचत गटांना सहज अनुसरता येण्याजोगी आहे. अनेक गटांत मात्र याउलट घडते. प्रत्येक सभासद आपापल्या घरी, आपापल्या अंदाजाने पीठ भिजविते आणि माल एका नावाखाली एकत्र केला जातो.

नाममुद्रा

एका विक्रेत्याची वस्तू इतरांच्या वस्तूपासून वेगळी ओळखता यावी यासाठी वापरलेले नाव, चिन्ह, आकृती किंवा त्यांचा संयोग म्हणजे नाममुद्रा. कायद्याने नोंदणी झाल्यावर तिला व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मिळते. परंतु नाव वस्तूला वेगळे करते हे अर्धेच सत्य आहे. आजचे पाकीट मागच्या पाकिटासारखेच असेल, ही हमी नाव देते. म्हणून ज्या वस्तूत सातत्य नाही तिला नाव देता येते, नाममुद्रा देता येत नाही.

'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये, म्हणजे उत्पादन सुरू झाल्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, स्पर्धा घेऊन निवडले गेले. विजेत्या सूचनेला पाच रुपयांचे बक्षीस होते. मराठीतील 'लज्जत' आणि हा शब्द एकाच कुळातले. अर्थ चवीशी जोडलेला, उच्चार सोपा आणि प्रांतोप्रांती समजणारा. पुढे रामदास पाध्ये यांच्या सशाच्या बोलक्या बाहुलीने दूरचित्रवाणीवरून हे नाव घराघरांत पोहोचविले. पण तोवर वस्तू दोन दशकांहून अधिक काळ बाजारात टिकलेली होती.

नावाच्या निवडीत कायद्याची बाजूही पाहणे आवश्यक आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार वस्तूचा प्रकार वा गुण केवळ वर्णन करणाऱ्या चिन्हाची नोंदणी सामान्यतः नाकारली जाते. 'घरगुती', 'चविष्ट', 'गावरान' यांसारख्या शब्दांवर कोणा एकाची मालकी सांगणे त्यामुळे अवघड ठरते. दीर्घ वापराने वेगळी ओळख सिद्ध झाली असेल तर गोष्ट निराळी. देवादिकांच्या नावांबाबतही अशीच अडचण आहे. 'रामायण' या नावाच्या अगरबत्तीसंबंधीच्या लाल बाबू प्रियदर्शी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये धर्मग्रंथाच्या नावावर कोणालाही अनन्य हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. श्रद्धेने देवीचे नाव घेणाऱ्या गटांनी ते गटाला अवश्य ठेवावे. मालासाठी मात्र वेगळा शब्द शोधणे हिताचे आहे.

संवेष्टन

संवेष्टनाचे प्राथमिक, दुय्यम आणि वाहतुकीचे असे तीन स्तर मानले जातात. पापडाच्या बाबतीत ही अनुक्रमे आतील पिशवी, बाहेरील आवरण व खोके होत. विक्री वाढविणे हे संवेष्टनाचे कार्य म्हणून पाठ्यपुस्तकांत ठळकपणे सांगितले जाते, पण त्याचे पहिले कार्य संरक्षण हेच आहे. पापड संपूर्ण कोरडा नसतो. त्यातील थोडी ओल त्याला लवचीक ठेवते. ती उडून गेली तर पापड कडक होऊन तुटतो आणि बाहेरची ओल आत शिरली तर बुरशी येते. म्हणजे पापडाच्या पिशवीला आतली ओल आत आणि बाहेरची बाहेर अशी दुहेरी राखण करावयाची असते. नीट न चिकटविलेली सुंदर छापील पिशवी यापुढे निरुपयोगी आहे. त्याउलट, उष्णतेने व्यवस्थित बंद केलेली साधी जाड पिशवी आणि तिच्यावर चिकटविलेले लेबल लहान गटाला पुरेसे होते. छापील पिशवीसाठी प्रत्येक रंगाचा स्वतंत्र सिलिंडर करावा लागतो आणि मुद्रक मोठ्या संख्येचीच मागणी स्वीकारतात. मजकुरात एक चूक राहिली तरी सगळा साठा वाया जातो.

लिज्जतने पिठाच्या गिरण्या १९७५ मध्ये, छपाई विभाग १९७७ मध्ये आणि पॉलिप्रॉपिलीन वेष्टनाचा विभाग १९७८ मध्ये सुरू केला. आधी पीठ, मग छपाई, मग पिशवी. हा क्रम ठरवून आखलेला होता की गरजेतून आला, हा वेगळा विषय. पण जेथे चव ठरते तेथे पैसा आधी गेला, हे नोंदविण्यासारखे आहे.

वेष्टनावरील मजकूर ही सजावट नव्हे. वैध मापनशास्त्र (पॅकबंद वस्तू) नियम, २०११ नुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नियमांनुसार घटक पदार्थ, उत्पादनाचा दिनांक, परवाना अथवा नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह आवश्यक असते. 'वजन अंदाजे २०० ग्रॅम' असे लिहिलेली पाकिटे आजही दिसतात. 'अंदाजे' या शब्दाला येथे जागा नाही. आणि हा शब्द सहसा तेथेच आढळतो जेथे पापडाची जाडी निश्चित केलेली नसते. नियोजनातील उणीव अशी लेबलावर उमटते.

एकेकट्या गटाला तपासणी, नोंदणी व छपाईचा खर्च झेपत नाही, ही अडचण खरी आहे. १९९९ च्याच अधिनियमात सामूहिक चिन्हाची तरतूद आहे. एखाद्या संघाने चिन्ह नोंदवावे आणि वापराच्या अटी मान्य करणाऱ्या सभासदांनी ते वापरावे, अशी ही व्यवस्था आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेतही समूहांच्या नाममुद्रेसाठी अर्थसाहाय्य देताना समान संवेष्टन व गुणवत्ता नियंत्रणाची अट घातलेली आहे. तालुक्यातील दहा-बारा गटांनी असा संघ स्थापन केल्यास त्याच्या पहिल्या सभेत नावाची चर्चा होऊ नये. पिठाचे प्रमाण, पापडाचा व्यास, पाकिटातील वजन आणि माल नाकारण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हे चार मुद्दे आधी लेखी ठरवावेत.