नाव एकदा, काम अनेकदा

फंक्शन म्हणजे नाव दिलेले काम. काम कसे करायचे ते एकदा लिहून ठेवणे ही त्याची व्याख्या. नाव घेऊन ते करवून घेणे हा कॉल. गंगेची पातळी सांगितली की काशीच्या मुन्शी घाटाच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत ते काढणारे फंक्शन लिहिले, तर पातळी हा पॅरामीटर आणि पायऱ्यांची संख्या हे उत्तर. श्रावणातले उत्तर वेगळे, चैत्रातले वेगळे. व्याख्या मात्र तीच.

नावात आशय साठवण्याची शिस्त काशीच्या व्याकरणपाठशाळांना जुनीच. शब्दाचा शेवटचा स्वर आणि त्यापुढची व्यंजने यांना तिथे शिकवल्या जाणाऱ्या व्याकरणात पाणिनीने एकदा ‘टि’ म्हटले. पुढच्या सूत्रांत ते एक अक्षर पुरले. 18व्या शतकात काशीत राहिलेल्या, मूळच्या महाराष्ट्रातल्या नागेशभट्टांनी ‘परिभाषेन्दुशेखर’ ग्रंथात नियम कसे लावावेत आणि दोन नियम भिडल्यास कोणता चालवावा, याचा खल केला. ही फंक्शने नव्हेत; पण व्याख्या एका जागी आणि वापर अनेक जागी, हे तत्त्व तिथे पक्के होते.

हेच तत्त्व यंत्रावर आणताना पहिला प्रश्न परतीचा होता: काम संपल्यावर कुठे जायचे? केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर, 1949च्या सुमारास, डेव्हिड व्हीलर यांनी परतीचा पत्ता सोबत देण्याची युक्ती काढली. एकदा लिहिलेला सबरूटीन, म्हणजे फंक्शनसारखाच नाव घेऊन बोलावता येणारा तुकडा, त्यामुळे कोणत्याही प्रोग्रॅममधून बोलावता येऊ लागला.

1958च्या फोर्ट्रान 2 भाषेने व्याख्या आणि कॉल यांना स्वतःचे शब्द दिले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा देशी संगणक सुरू झाला. 1964मध्ये तिथे सीडीसी 3600 हा संगणक आला आणि फोर्ट्रानची सोय झाली.

दुसरा प्रश्न: फंक्शनने स्वतःलाच बोलावले तर? लिस्प आणि अल्गोल 60 या भाषांनी त्याला मुभा दिली. त्यासाठी प्रत्येक कॉलची मूल्ये आणि परतीचा पत्ता थप्पीसारखे एकावर एक रचले जातात. शेवटी ठेवलेले आधी निघते. 1972च्या सुमारास आकारलेल्या सी भाषेत तर सगळा प्रोग्रॅमच फंक्शनांचा बनला.

1991मध्ये आलेल्या पायथनमध्ये ‘डेफ’ या शब्दाने व्याख्या सुरू होते. 2008च्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनचे नाव देवनागरीतही चालते. घाटाच्या त्या फंक्शनला ‘पायऱ्या’ असे नाव द्यावे, कंसात पातळी लिहावी. कॉल पूर्ण झाला.