चाक बदलले, मडगार्डाचे काय?

डिचोलीच्या बसस्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला ‘पायलट’ ओळखण्यासाठी पाटी वाचावी लागत नाही. मोटारसायकलच्या पुढच्या चाकावरील पिवळे मडगार्ड ही खूण गोमंतकात पुरेशी आहे. परंतु मडगार्ड केवळ ओळखीसाठी नसते. खाणपट्ट्यातील तांबड्या चिखलात ते स्वाराचे आणि मागे बसलेल्याचे रक्षण करते; आणि चुकीचे बसविले तर तेच घातक ठरते.

कित्येक जण खड्ड्यांना कंटाळून पुढे मोठे चाक बसवितात आणि मडगार्ड मात्र जुनेच ठेवतात. यातला हिशेब पाहा. टायरवर 2.75-18 असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. त्याऐवजी 3.25-19 टायर घेतला, तर रिमची त्रिज्या अर्धा इंच वाढते आणि टायरची उंचीही सुमारे अर्धा इंच. म्हणजे टायर मडगार्डाच्या एक इंच जवळ आला! शिवाय दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच जागा कमी झाली, ती वेगळीच.

कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर व मडगार्ड यांत बोटभर अंतर कदाचित निभावेल. श्रावणातल्या चिखलात ते निभावत नाही. चिकणमाती त्या फटीत ठासून बसते, चाक जड होते आणि एखादे वेळी अडकतेही. पुढचे चाक अडकले की गाडी सावरणे कठीण. म्हणून येथे निदान दोन बोटे मोकळी हवीत.

आता निवड कशी करावी? मडगार्डाची गोलाई नव्या टायरच्या गोलाईशी जुळावी; पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अंतर सारखे दिसले पाहिजे. रुंदी टायरहून दोन्ही अंगांना थोडी अधिक असावी. मागचे टोक खाली उतरलेले असावे, नाहीतर सारा चिखल इंजिनावर उडतो. आधाराच्या पट्ट्या जाड व घट्ट असाव्यात. काही गाड्यांत त्याच फोर्कच्या दोन्ही पायांना एकत्र धरून ठेवतात, म्हणून त्या काढून टाकणे बरे नव्हे. बोल्टचे डोके आत व नट बाहेर ठेवावा, म्हणजे त्याचे टोक टायरला घासणार नाही.

आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. फोर्कच्या खालच्या भागाला जोडलेले मडगार्ड चाकाबरोबर वरखाली होते, त्यामुळे अंतर कायम राहते. वर, हँडलच्या खाली जोडलेले मडगार्ड जागीच राहते. तेथे फोर्क पूर्ण दबेल एवढी जागा सोडावी लागते. बसविल्यावर चाक हाताने फिरवावे, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, फोर्क दाबून पाहावा आणि ब्रेकची नळी कोठे ताणत नाही ना, हे तपासावे.

मात्र खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. भाड्याने गाडी चालविणाऱ्याची तर रोजीरोटीच परवान्यावर असते. तेव्हा आधी वाहतूक कार्यालयात विचारावे, नंतर फटीची जागा मोजावी आणि मगच चाक विकत घ्यावे. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. आणि नवे मडगार्ड आणलेच, तर पायलटबंधूंनी त्याला पिवळा रंग देण्यास विसरू नये.