शाळेचा चैत्र आणि आठवीच्या मुली

मैत्रिणींनो, फाल्गुन लागला की आपल्या डोक्यात कामांची यादी सुरू होते. पापड, कुरडया, शेवया, वर्षाचं तिखट, गहू निवडून कोठीत भरणं, त्यातच होळीच्या पुरणपोळ्या आणि पाठोपाठ पाडवा. आमच्या राहुरी भागात तर शेतातही याच दिवसांत झुंबड असते. मुळेच्या पाण्यावर आलेला गहू सोंगायचा असतो, उन्हाळी कांदा काढायचा असतो, उसाची शेवटची तोड चालू असते. अशा गडबडीत घरातली मुलं शाळेत काय करताहेत हे पाहायला सवड कुणाला? परीक्षा जवळ आली म्हणून ‘अभ्यासाला बस गं’ एवढं ओरडून आपण मोकळ्या होतो.

पण शाळेचं वर्षही याच महिन्यांत संपत असतं. मी घर सांभाळून आठवड्यातले काही दिवस राहुरीजवळच्या एका लहानशा शाळेत मराठीचे तास घेते. पहिली ते आठवीची शाळा, पट शंभराच्या आत. त्या शाळेच्या वसंतातल्या बातम्या आज तुम्हांला सांगायच्या आहेत. बातम्या साध्याच आहेत. तुमच्या गावच्या शाळेतही थोड्याफार फरकानं त्याच असतील. मात्र त्यांतली एक अशी, की ती कुठल्याच फळ्यावर लिहिली जात नाही. तिच्यासाठीच हा सगळा लेखप्रपंच.

झालेले कार्यक्रम

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन झाला. मुलांनी घरातल्या आजीकडून ऐकलेले शब्द गोळा करून आणायचे, एवढंच काम मी दिलं होतं. मोट, नाडा, सुंदलं, कणगी, उतरंड असे कितीतरी शब्द जमले. मोट पाहिलेलं एकही मूल वर्गात नव्हतं, पण आजीनं ती हातवारे करून समजावली होती! दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. सर रामन यांनी १९२८ साली आपला शोध जाहीर केला तो हा दिवस. लिंबावर चालणारा दिवा आणि प्लास्टिकच्या बाटलीतलं ठिबक सिंचन यांच्याभोवती मुलांची मोठी गर्दी होती. ठिबकाचं नवल नाही. कृषी विद्यापीठ १९६८ सालापासून आमच्या शेजारी आहे, नवीन वाण आणि नवी अवजारं यांच्या गप्पा मुलं घरातच ऐकतात.

८ मार्चला महिला दिन आणि १० मार्चला सावित्रीबाईंची पुण्यतिथी. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली याच दिवशी त्या गेल्या. पुण्यातल्या भिडे वाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा सगळ्यांना पाठ असते. पण शिक्षिका होण्याचे धडे सावित्रीबाईंनी आपल्या नगरला येऊन, मिस फरार यांच्या संस्थेत घेतले, हे सांगितलं की मुली एकदम सरसावून बसतात. ‘म्हणजे आपल्या जिल्ह्यात?’ हो, आपल्याच जिल्ह्यात! आता त्याचं नाव अहिल्यानगर झालंय, आणि ते नावही इथल्याच चौंडीत जन्मलेल्या एका बाईचं आहे.

येणारे कार्यक्रम

ऊन तापू लागलं की शाळा सकाळची होते. पोरांना लवकर उठवण्याची आपली रोजची लढाई तिथून सुरू!

पाडव्याला शाळेची गुढी उभारली जाते आणि त्याच मुहूर्तावर पहिलीचे नवे प्रवेश नोंदवले जातात. लहान शाळांना हा पाडवा फार मोलाचा. पट घटला की शिक्षक कमी होतात, आणि शिक्षक कमी झाले की पट आणखी घटतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना शासनानं २०२३ साली मांडली, तेव्हापासून तर वाड्यावस्त्यांवरच्या शाळा एकेक मूल मोजतात. म्हणून पाडव्याला मास्तर दारात आले तर नुसता चहा पाजून पाठवू नका. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाचं नाव आवर्जून सांगा.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावाही असतो. ‘पहिले पाऊल’ नावानं २०२२ पासून तो भरतो. मुलाला मोजता येतं का, रंग ओळखता येतात का हे तिथे खेळातून बघतात, आणि उन्हाळ्यात घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगतात. परीक्षा नव्हे हं ती, घाबरायचं काही कारण नाही.

मग ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, वार्षिक परीक्षा, आठवीचा निरोप समारंभ, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल आणि मग सुट्टी. शाळेची घंटा पुन्हा ऐकू येते ती जूनच्या मध्यावर.

यातल्या परीक्षेबद्दल थोडं सांगते. ‘आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत’ हे वाक्य अजून पुष्कळ घरांत बोललं जातं. ते आता खरं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. कमी पडलं तर पुन्हा एक परीक्षा देता येते, पण तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. तेव्हा आठवीची मुलगी ‘कांदा काढायला हात हवेत’ म्हणून परीक्षेच्या आठवड्यात घरी ठेवू नका.

कोपीवरची मुलं

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या वर्गातली काही मुलं अचानक दिसेनाशी होतात. ही ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या पुढेमागे पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा भागांतून टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात आणि मुलं जवळच्या शाळेत बसू लागतात. कारखान्याचं गाळप संपलं की रातोरात बिऱ्हाड गाडीवर चढतं. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असली तरी थांबणार कोण?

अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर करून ते त्याच्याबरोबर द्यायचं, म्हणजे गावाकडची शाळा त्याला त्याच्याच वर्गात बसवून घेते. तुमच्या शेतात तोड चालू असेल, तर टोळीतल्या बाईला एवढंच विचारा, ‘मुलांचा शाळेचा कागद घेतला का गं?’ पाणी प्यायला ती तुमच्या ओट्याशी येतेच. मुकादम हे विचारणार नाही. तुम्ही विचारलंत तर एका मुलाचं वर्ष वाचेल.

फळ्यावर न लिहिलेली बातमी

आता ती बातमी. आठवीचा निरोप समारंभ मोठा गोड असतो. मुली साड्या नेसतात, सातवीचे विद्यार्थी गुलाबाचं फूल देतात, रडारड होते, भेळ खाऊन सगळे घरी जातात. आणि जूनमध्ये त्यांतल्या एखाद-दुसऱ्या मुलीचं नाव कुठल्याच हायस्कूलच्या हजेरीत नसतं.

गंमत पाहा, कुणीही ‘हिची शाळा बंद’ असं म्हटलेलं नसतं. घरात भांडण नाही, रडणं नाही. एवढंच झालेलं असतं, की दाखला काढायला कुणी गेलं नाही. वडील म्हणाले, ‘बघू जूनमध्ये.’ जूनमध्ये पेरणी निघाली. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर, जोडीला कुणी मैत्रीण नाही. मग ‘यंदा राहू दे’. ते ‘यंदा’ मग कायमचंच होतं.

हे आठवीलाच का घडतं? कारण सगळे आधार एकदम सुटतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचं छत्र आठवीपर्यंतच. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात ती आठवीपर्यंत. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. गावातली शाळाही आठवीपर्यंत, काही गावांत तर चौथी किंवा सातवीपर्यंतच. नववीला पुस्तकं विकत, डबा घरून आणि वाट लांबची. मुलगा असेल तर सायकल येते. मुलगी असेल तर काळजी येते. त्यातच वैशाखाची लगीनसराई! एखादी मावशी ‘चांगलं स्थळ आहे, मुलगी अंगानं थोराड दिसते’ असं सुचवून जाते.

मैत्रिणींनो, अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे. २००६ च्या कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. असं काही कानावर आलं तर १०९८ या मोफत क्रमांकावर कळवता येतं. गावपातळीवर ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेही ते रोखण्याचं काम आहे. पण तिथवर गोष्ट जाऊच नये. जी मुलगी जूनमध्ये नववीच्या बाकावर बसलेली असते, तिच्याबद्दल असा विषय काढायला माणसं कचरतात.

आईनं करायची पाच कामं

ही कामं पाडवा ते महाराष्ट्र दिन एवढ्या अवधीत उरकायची. लोणच्याच्या कैऱ्या येण्याआधी झाली पाहिजेत, असं लक्षात ठेवा!

१. दाखल्यावरची नोंद बघा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधीच रजिस्टरमधलं मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात वाचून घ्या. आधार कार्डावर आणि जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच इथे हवं. काना-मात्रेचा फरकही चालत नाही. मूल शाळेत असताना दुरुस्ती त्या मानानं सोपी असते. एकदा शाळा सुटली की ती फार किचकट होते.

२. सातवीच्या गुणांकडे लक्ष द्या. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के पुरतात. म्हणून सातवीतल्या मुलीची ही एप्रिलची परीक्षा पुढच्या चार वर्षांच्या खर्चाची परीक्षा आहे. उत्पन्नाचा दाखला आणि मुलीच्या नावाचं बँक खातं सुट्टीतच करून ठेवा.

३. एसटीच्या पासाची चौकशी करा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेला जाण्या-येण्याचा पास मोफत मिळतो. गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल, तर चार-सहा आयांनी मिळून आगारात अर्ज द्यावा. एकटीच्या अर्जापेक्षा सहाजणींच्या अर्जाला वजन येतं.

४. जोडी जमवून द्या. हे काम सरकार करू शकत नाही, आपणच करायचं. आठवीच्या सगळ्या मुलींच्या आयांनी निकालाच्या दिवशी शाळेतच ठरवावं, कोण कोणत्या हायस्कूलला घालणार. चौघी एका शाळेत गेल्या, की लांबची वाट निम्मी होते आणि घरच्या पुरुषांची काळजीही निम्मी होते.

५. समितीत बसा. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असा कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी बायकांची नावं असतात आणि सही घरी येऊन घेतात. तसं करू नका. बैठकीला जा आणि एकच प्रश्न विचारा : ‘मागच्या वर्षीच्या आठवीच्या सगळ्या मुली आज कुठे शिकताहेत?’ दर एप्रिलला हा प्रश्न कुणीतरी विचारणार आहे असं कळलं, की त्याचं उत्तरही तयार ठेवावं लागतं.

जाता जाता घरातलं

सकाळच्या शाळेला मुलं उपाशीपोटी पळतात आणि प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन बसतात. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची ताक घातलेली आंबील दिली तर पाच मिनिटांत पोट भरतं. आंबिलीचं पीठ रात्रीच कालवून ठेवा. डब्यात शेंगदाण्याचा लाडू द्या, तो उन्हानं खराब होत नाही. पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं तर पाणी गार राहतं. येताना डोक्याला रुमाल किंवा ओढणी हवीच. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू देऊ नका. दहाला झोपून पाचला उठलेलं पोर बारापर्यंत घोकलेल्या पोरापेक्षा पेपर नीट लिहितं, हे मी वर्गात दर वर्षी पाहते.

कुरडयांचा घाट घालायला शेजारणी एकमेकींकडे जमतातच. चीक शिजत असतो, हात रिकामे नसतात, पण तोंड रिकामं असतं. यंदा त्या ओट्यावर एक विषय जरूर काढा. आपल्या गल्लीत आठवीला कोण कोण आहे, आणि त्यांतली प्रत्येकजण जूनमध्ये कुठल्या शाळेत जाणार आहे? एखादीच्या आईला उत्तर देता आलं नाही, तर तिला बोल लावू नका. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दाखला काढायला शाळेत जा. आम्ही शिक्षिका निकाल लावू शकतो, निरोप देऊ शकतो. मुलीला पुढच्या शाळेच्या दारापर्यंत नेणं मात्र तुमच्याच हातात आहे.