एकाच बाजूने जाडी मोजणे : अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज आणि तंजावूरची तोफ

व्हर्निअर कॅलिपरने पत्र्याची जाडी मोजायची तर पत्र्याच्या दोन्ही बाजू कॅलिपरच्या जबड्यात याव्या लागतात. चालू असलेली वाफेची पाइपलाइन, भरलेली टाकी, जहाजाचा तळ किंवा बॉयलरची भिंत यांच्या बाबतीत तसे करता येत नाही. गंज आतून लागतो आणि आपण बाहेर उभे असतो. या अडचणीवरचा रोजच्या वापरातला उपाय म्हणजे हातात मावणारे अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज. प्रोब टेकवला की दोन सेकंदांत पडद्यावर ८.४२ असा आकडा येतो. तो आकडा नेमका कशाचा असतो, हे कळावे म्हणून हा पाठ लिहिला आहे. उदाहरण कारखान्यातले न घेता तंजावूरचे घेतो, कारण गेजच्या जवळजवळ सगळ्या मर्यादा तिथे एकाच फेरफटक्यात दिसतात.

तंजावूरला गेलात तर राजवाड्यातला मराठा दरबार, सर्जा माडी आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून झाल्यावर थोडे पूर्वेकडे, कीळवासलच्या बाजूला चालत जा. जुन्या किल्ल्याच्या पूर्व दरवाजाजवळ एका उंचवट्यावर लोखंडाची एक प्रचंड तोफ ठेवलेली आहे. त्या जागेला बीरंगी मेडू म्हणतात, म्हणजे तोफेचे टेकाड. तोफेची लांबी सुमारे साडेसात मीटर आणि वजन सुमारे २२ टन. व्यंकोजीराजे तंजावुरात आले १६७० च्या दशकात. तोफ त्याआधीची, नायकांच्या राजवटीतली, रघुनाथ नायकाच्या काळात घडवलेली मानली जाते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ती ओतीव नाही. लाकडी पिंपाच्या फळ्या असतात तशा लांब लोखंडी पट्ट्या गोलाकार लावून आतली नळी केली आहे. तिच्यावर लोखंडी कडी तापवून चढवली आहेत आणि हातोड्याने ठोकून हे सगळे एकजीव केले आहे. यालाच फोर्ज वेल्डिंग म्हणतात. कानपूरच्या आयआयटीतले प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी सहकाऱ्यांसह या तोफेच्या घडणीचा व लोखंडाचा अभ्यास केला होता. दिल्लीच्या लोहस्तंभावर दीर्घकाळ काम केलेले ते हेच.

या तोफेच्या भिंतीवर बाहेरून प्रोब टेकवला तर गेज काय दाखवेल? उत्तराकडे येण्याआधी उपकरण समजून घेऊ.

गेज वेळ मोजते

प्रोबमध्ये पीझोइलेक्ट्रिक पदार्थाची चकती असते. तिला विजेचा क्षणिक झटका दिला की ती थरथरते आणि साधारण ५ मेगाहर्ट्झचा ध्वनीचा ठोका धातूत जातो. हे अनुतरंग असतात. ठोका मागच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो, प्रोब त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करतो आणि जाण्यायेण्याला लागलेली वेळ गेज मोजते. जाडी d, धातूतला ध्वनीचा वेग v आणि वेळ t धरल्यास

d = v × t ÷ २

पोलादात अनुतरंगाचा वेग सुमारे ५९२० मीटर प्रति सेकंद. १० मिमी जाडीच्या प्लेटसाठी ध्वनी २० मिमी चालतो आणि त्याला सुमारे ३.३८ मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावर ०.०१ मिमीचा फरक दिसण्यासाठी उपकरणाला सुमारे ३.४ नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. हे काम आजची इलेक्ट्रॉनिक्स सहज करते. म्हणून चूक झालीच तर ती बहुतेक वेळा घड्याळात नसते, ती v मध्ये असते किंवा ‘मागचा पृष्ठभाग’ या गृहीतात असते.

v चे पाहा. गेजला धातू ओळखता येत नाही. वेग आपण भरायचा असतो. ॲल्युमिनियममध्ये तो सुमारे ६३२० आहे. पोलादाचा वेग तसाच ठेवून १० मिमीची ॲल्युमिनियमची प्लेट मोजली तर पडद्यावर ९.३७ येते, आणि या आकड्यात संशय घेण्यासारखे काही दिसत नाही. ओतीव लोखंडात तर ग्रॅफाइटच्या आकारावर वेग ३५०० ते ५६०० मीटर प्रति सेकंद यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा निरुपयोगी ठरतो. मोजायच्या वस्तूच्याच धातूचा, जाडी माहीत असलेला तुकडा घ्यावा आणि त्यावर गेज जुळवावे. दोन जाड्यांवर जुळवले तर वेग आणि झीरो दोन्ही बसतात. जाड पायरीवर मुख्यतः वेगाची चूक उघडी पडते, पातळ पायरीवर झीरोची. तापमानही विसरू नका. पोलाद तापले की ध्वनी मंदावतो, ढोबळमानाने दर ५५ अंश सेल्सियसला एक टक्का. म्हणून गरम पाइपची जाडी गेज खऱ्यापेक्षा जास्त दाखवते, आणि चुकीची ही दिशा धोक्याची आहे.

जेल कशासाठी

प्रोब आणि धातू यांच्यामध्ये जेल, ग्लिसरीन किंवा निदान पाणी लागते. याला कपलंट म्हणतात. पदार्थाची घनता गुणिले ध्वनीचा वेग म्हणजे त्याची ध्वनिक प्रतिबाधा, अर्थात अकूस्टिक इम्पीडन्स. पोलादाची सुमारे ४६ मेगारेल, पाण्याची १.५ आणि हवेची ०.०००४. दोन पदार्थांच्या सीमेवर पलीकडे जाणाऱ्या ऊर्जेचा वाटा 4Z₁Z₂ ÷ (Z₁+Z₂)² इतका असतो. आकडे घालून पाहा: पाणी आणि पोलाद यांच्यामध्ये सुमारे १२ टक्के ऊर्जा पार होते, हवा आणि पोलाद यांच्यामध्ये ०.००३५ टक्के. म्हणजे हवेच्या अगदी पातळ फटीपुढेही हा ध्वनी हात टेकतो.

हेच गणित उलट बाजूने वाचा. मागचा पृष्ठभाग हवेला लागून असतो म्हणूनच तिथून जोरदार प्रतिध्वनी येतो आणि गेज चालते. पण धातूच्या पोटात कुठेही हवेची फट असेल तर तीही तितकाच जोरदार प्रतिध्वनी देईल. गेज जाडी मोजत नाही. ते समोरच्या पहिल्या ठळक परावर्तक पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजते. तो पृष्ठभाग म्हणजे मागची भिंतच आहे, हे ठरवणे आपले काम.

पुन्हा तोफेकडे

आता प्रोब तोफेवर टेकवला आहे अशी कल्पना करा. गणितापुरते धरू की वरचे कडे ५० मिमी जाड आहे आणि पूर्ण भिंत १५० मिमी. जिथे कडे आणि आतल्या पट्ट्या खरोखर एकजीव झाल्या आहेत तिथे ध्वनी पार जाईल आणि सुमारे ५१ मायक्रोसेकंदांनी परत येईल. गेज १५० दाखवेल. जिथे ठोकताना फट राहिली आहे तिथे १७ मायक्रोसेकंदांतच प्रतिध्वनी येईल आणि गेज ५० दाखवेल. बोटभर बाजूला सरकले की १५०, पुन्हा सरकले की ५०. नवखा तपासनीस अहवालात लिहील की तोफ दोन तृतीयांश झिजली आहे. जाणकार माणूस त्याच आकड्यांवरून कुठले वेल्डिंग बसले आणि कुठले बसले नाही याचा नकाशा काढेल.

तिसरी शक्यता अशी की पडद्यावर काहीच स्थिर येणार नाही. हातोड्याने घडवलेल्या जुन्या लोखंडात मळीचे धागे अडकलेले असतात, आणि ठोकल्यामुळे ते पसरट होऊन पृष्ठभागाला समांतर, म्हणजे नेमके ध्वनीच्या वाटेत आडवे पडतात. ५ मेगाहर्ट्झला पोलादातली तरंगलांबी १.२ मिमीच्या आसपास असते. असे अडथळे ती विखरून टाकतात. १ किंवा २ मेगाहर्ट्झचा प्रोब घेतला तर ध्वनी खोल जातो, बारकावा मात्र कमी होतो.

तोफेचे तोंड उघडे आहे, त्यामुळे तिथली भिंत साध्या मोजपट्टीने मोजता येते. ती मोजावी, तिथेच t घ्यावा आणि v = 2d ÷ t ने त्या लोखंडाचा खरा वेग काढावा. साधे साधन चालते तिथे आधी ते वापरायचे, ही सवय लावून घ्या.

हे सगळे कल्पनेतच करा, हेही सांगून ठेवतो. कारखान्यात आपण प्रोबसाठी गंज घासून पृष्ठभाग चकचकीत करतो. शेकडो वर्षांच्या लोखंडावरचा घट्ट बसलेला गंजाचा थर स्वतःच अभ्यासाचा विषय असतो. तो घासणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय जेलचे बोटसुद्धा लावायचे नाही.

राजवाड्याच्या भिंतींवर हे गेज अजिबात चालणार नाही. वीट आणि चुन्यात वेग २००० मीटर प्रति सेकंद धरला तर ५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ०.४ मिमी येते. वाळूचे कण आणि छिद्रे याच आकाराची असतात, त्यामुळे ध्वनी पहिल्या काही मिलिमीटरमध्येच विरतो. अशा भिंतींसाठी ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे पल्स व्हेलॉसिटी उपकरण वापरतात, काँक्रीटसाठी वापरतात तेच. कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्तींची अडचण वेगळी आहे. त्या मेणाच्या साच्यातून ओतलेल्या आणि भरीव असतात, त्यांचे समोरचे व मागचे पृष्ठभाग समांतर नसतात आणि ओतीव धातूचे दाणे मोठे असतात. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात बलदेव राज आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतीय मूर्तींवर विनाशरहित तपासणीचे काम केले ते एकाच साधनावर विसंबून नव्हे, अनेक पद्धती एकत्र वापरून.

दुप्पट आकडा

आमच्या प्रयोगशाळेत एका गटाने पत्र्याची जाडी १.६० मिमी लिहिली. मायक्रोमीटरने ती ०.८० निघाली. मुलांना वाटले गेज बिघडले. खरे सांगायचे तर मलाही आधी तसेच वाटले होते. झाले असे की ५ मेगाहर्ट्झच्या दुहेरी प्रोबची किमान मर्यादा साधारण १ मिमी असते. त्याखाली पहिला प्रतिध्वनी गेजला पकडता येत नाही, ते दुसरा पकडते आणि बरोबर दुप्पट जाडी दाखवते.

पत्र्याच्या बाबतीत हे हसण्यावारी जाईल. पण ३ मिमीचा पाइप गंजून ०.९ वर आला असेल तर गेज १.८ दाखवेल. नेमक्या सर्वांत धोकादायक जागी उपकरण धीर देणारा आकडा देते. म्हणून शक्य असेल तर तरंगाचे चित्र, म्हणजे ए-स्कॅन दाखवणारे गेज घ्या. ते नसेल तर प्रोब जाड भागाकडून पातळ भागाकडे हळूहळू सरकवत न्या: ३.०, २.४, १.७, १.२ आणि मग एकदम १.८ असा क्रम दिसला तर तिथे थांबा.

रंगही फसवतो. रंगाच्या थरात ध्वनी सुमारे २४०० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, म्हणून ०.३ मिमीचा रंग जवळपास ०.७४ मिमी पोलादासारखा मोजला जातो. एको-टू-एको पद्धतीत मागच्या भिंतीच्या लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधली वेळ घेतात; त्यात रंगातला प्रवास वजा होतो. पाइपवर दुहेरी प्रोबची मधली रेघ अक्षाला आडवी आणि मग समांतर अशी धरून दोनदा मोजा आणि लहान आकडा लिहा.

कुठे मोजले?

९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात पाण्याचा पाइप फुटला आणि उकळत्या पाण्याच्या व वाफेच्या लोटात पाच कामगार मृत्युमुखी पडले. मुळात १० मिमी असलेली पाइपची भिंत फुटलेल्या जागी दीड मिलिमीटरहूनही कमी उरली होती. १९७६ मध्ये संच सुरू झाल्यापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण तपासणीच्या यादीतून ती जागाच सुटली होती. प्रवाह मोजण्याच्या ओरिफिसच्या पुढे, जिथे पाणी घुसळते, तिथेच भिंत झिजणार हे माहीत असूनही.

म्हणून नोंदवहीत आकड्याआधी जागा लिहा: कोणता पाइप, कोणत्या सांध्यापासून किती मिलिमीटर, घड्याळाच्या कितीच्या दिशेला. पुढच्या वेळी प्रोब तिथेच टेकला तरच दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ आहे. ८ वर्षांत ४.० मिमीची भिंत ३.२ झाली तर झीज वर्षाला ०.१ मिमी, किमान २.५ मिमी हवी असेल तर ७ वर्षे हातात आहेत. हेच गणित एका वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन रीडिंगवर केले, आणि प्रत्येकात ०.१ मिमीची अनिश्चितता असेल, तर वजाबाकीतली अनिश्चितता ०.१४ येते. म्हणजे झिजेपेक्षा चूक मोठी, आणि उरलेले आयुष्य ३ वर्षे की अनंत हे सांगता येत नाही.

सरावासाठी एक उदाहरण. तोफेच्या तोंडाशी मोजपट्टीने भिंत १५० मिमी आली आणि t ५१.७ मायक्रोसेकंद आला, असे समजा. v काढा. मग त्याच तोफेवर दुसऱ्या जागी t १८.१ मायक्रोसेकंद आला तर परावर्तक पृष्ठभाग किती खोल आहे ते सांगा, आणि तो फट आहे की मळीचा थर हे ठरवण्यासाठी आणखी कोणती रीडिंग घ्याल ते चार ओळींत लिहा.