दिएगो फोर्लान : मोंतेविदेओ ते अंधेरी

दक्षिण अमेरिकेतून युरोपात गेलेल्या फुटबॉलपटूची थोरवी बहुधा त्याला विकत घेणाऱ्या क्लबच्या नावावरून ठरवली जाते, आणि या सवयीने उरुग्वेच्या दिएगो फोर्लानवर जेवढा अन्याय केला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणावर केला असेल. १९ मे १९७९ रोजी मोंतेविदेओ येथे जन्मलेल्या फोर्लानच्या घरात फुटबॉल वारशानेच आला होता. आजोबा हुआन कार्लोस कोरासो उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, तर वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकांत खेळले होते.

अर्जेंटिनातील इंडिपेंडिएंते क्लबकडून जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतले, परंतु पहिल्या गोलसाठी त्याला सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले, आणि ९८ सामन्यांत १७ गोल एवढीच तेथील शिल्लक राहिली. यांतील कित्येक सामन्यांत तो बदली खेळाडू म्हणून उतरला होता, ही बाब त्याला अपयशी ठरवणारे सहसा विचारात घेत नाहीत.

२००४ मध्ये तो स्पेनमधील व्हियारेआल येथे गेला. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या, सिरॅमिक टाइल्सच्या उद्योगावर जगणाऱ्या या गावाचा क्लब त्या काळी जवळजवळ दक्षिण अमेरिकी वळणाचा होता. प्रशिक्षक चिलीचे मान्युएल पेलेग्रिनी, मधल्या फळीचा सूत्रधार अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे, आणि चेंडू घाईने पुढे न फेकता योग्य क्षणाची वाट पाहणारी खेळण्याची रीत. दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने आणि लांबूनही फटका मारणाऱ्या फोर्लानला जे हवे होते ते येथे मिळाले. पहिल्याच मोसमात २५ गोल करून त्याने ‘पिचिची’, म्हणजे स्पॅनिश लीगमधील सर्वाधिक गोलांसाठी ‘मार्का’ हे दैनिक देत असलेला पुरस्कार, मिळवला. युरोपातील लीगमधील सर्वोत्तम गोलकर्त्याला दिला जाणारा ‘गोल्डन शू’ही त्याने थिएरी हेन्रीसोबत विभागून घेतला. २००६ मध्ये हा लहानसा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला.

अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये त्याने लीगच्या ३३ सामन्यांत ३२ गोल केले आणि हे दोन्ही मान पुन्हा मिळवले. मे २०१० मध्ये हॅम्बुर्ग येथे फुलहॅमविरुद्धच्या युरोपा लीग अंतिम सामन्यात संघाचे दोन्ही गोल त्याचेच होते, आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात पाच गोल करून, उरुग्वे चौथ्या क्रमांकावर राहिला असतानाही, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ त्याने जिंकला. २०११ च्या कोपा अमेरिका अंतिम सामन्यात त्याने पराग्वेवर दोन गोल केले, तेव्हा ही स्पर्धा जिंकणारी त्याच्या घराण्याची ती तिसरी पिढी ठरली.

२०१६ मध्ये मुंबई सिटी एफसीने त्याला ‘मार्की’ खेळाडू म्हणून, म्हणजे संघाचा प्रमुख तारा म्हणून करारबद्ध केले. उतारवयातील ताऱ्यांना भारतीय लीगमध्ये केवळ गर्दी जमवण्यासाठी आणले जाते, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा असला तरी फोर्लानला तो लागू पडत नाही. मुंबईतील अंधेरी येथे, १९ नोव्हेंबर रोजी, सदतिसाव्या वर्षी त्याने केरला ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली आणि मुंबईने तो सामना ५-० असा जिंकला. वेग ओसरला असला तरी बचावपटूंमधील मोकळी जागा हेरण्याची नजर शाबूत होती, आणि सुनील छेत्रीसारखा भारतीय खेळाडू ज्या संघात होता त्या संघात ही नजर रोजच्या सरावात जवळून पाहायला मिळणे, ही त्या करारातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

मुंबईने साखळी फेरीत प्रथम क्रमांक मिळवला. मात्र उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाविरुद्धचा, त्याच शहरातील पहिला सामना मुंबईने २-३ असा गमावला आणि त्यात फोर्लानला लाल कार्ड मिळाले. मुंबईतील परतीच्या सामन्यात एकूण गोलसंख्येची बरोबरी साधायला एकच गोल हवा असताना तो निलंबनामुळे मैदानाबाहेर होता, सामना गोलशून्य सुटला, आणि पुढे कोलकात्याच्या त्याच संघाने विजेतेपद पटकावले.