फवारणीतील चूक आणि तिची कारणे

फवारणी करणारा मजूर आजारी पडला की, "त्याचाच निष्काळजीपणा" असे म्हणून सारे मोकळे होतात. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो आजारी पडली, तेव्हाही असेच बोलले गेले. पुष्कळांच्या हातांत मोजे नव्हते, तोंडाला फडके नव्हते, हे खरे. परंतु चूक कशामुळे घडली हे पाहू गेल्यास निराळे चित्र दिसते.

त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. कमरेइतक्या पिकात फवाऱ्याची नळी खाली धरता येते. डोक्याइतक्या पिकात ती वर धरावी लागते आणि तुषार तोंडावर व छातीवर उतरतात. यंत्रचलित पंपाचे तुषार बारीक असल्याने ते हवेत अधिक वेळ तरंगतात व श्वासाबरोबर आत जातात. त्यात उकाडा. जाड कपडे अंगावर ठेवणे असह्य होते, आणि घामाने भिजलेल्या कातडीतून विष लवकर शिरते. मजुरी पंपागणिक ठरली असेल तर थांबून हात धुणे म्हणजे पैसे गमावणे होय. हातमोज्यांचा खर्च मजुरावर टाकून पुढे त्यालाच दोष द्यायचा, हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे.

दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याचा सल्ला पुष्कळदा दुकानातूनच मिळतो. माहितीपत्रकाची अक्षरे इतकी बारीक की वाचता येणाऱ्यासही ती लागत नाहीत. मात्र डब्यावरील चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग निरक्षरासही कळतो. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे ग्रामसेवकांनी आवर्जून सांगावे.

फवारणी वारा शांत असताना सकाळी करावी व वाऱ्याच्या दिशेनेच पुढे सरकावे. चोंदलेली तोटी तोंडाने फुंकू नये. साबण व स्वच्छ पाणी मालकाने बांधावर आधीच ठेवावे. डोके दुखणे, मळमळणे, लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवल्यास काम तत्काळ थांबवून कपडे उतरवावे, अंग साबणाने धुवावे व माणसास रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाचा डबाही न्यावा. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपीन देतात. इतर अनेक औषधांच्या विषबाधेवर ते उपयोगी पडत नाही, आणि कोणते विष पोटात वा अंगात गेले हे डॉक्टरांना त्या डब्यावरूनच लवकर कळते.